बांधावर न येता लुटणारे भामटे



बियाण्याची पिशवी विकत घेताना आपण काय काय पाहतो ते आठवा. प्रमाणित बियाण्याचे निळे लेबल आहे की नाही, लॉट नंबर कोणता, उगवण किती टक्के, मुदत कधीपर्यंत. दुकानदाराकडून पक्के बिल घेतो आणि पीक हाती येईपर्यंत पिशवी नि लेबल माळ्यावर जपून ठेवतो. एके काळी असे करणारा शेतकरी गावात एखादाच असे. पुढे बोगस बियाण्याने कित्येकांचे हंगाम बुडाले, तेव्हा कुठे ही सवय अंगवळणी पडली.

तीच सवय आता मोबाइलला लावायची वेळ आली आहे. घरात आलेली ही हातभर अंतरावरची वस्तू म्हणजे बँकेची खिडकी आहे, टपालपेटी आहे, आठवडी बाजार आहे आणि गावची चावडीही आहे. या चारही ठिकाणी भामटे शिरले आहेत. पूर्वीचा भामटा निदान बांधावर यायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा, त्याचा चेहरा तरी लक्षात राहायचा. आताच्याचा नुसता आवाज असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून काम करतो. आमचा भाग जालना जिल्ह्यातला, कापूस, सोयाबीन आणि मोसंबीचा. माझ्याकडे लोक यायचे ते बोंडअळी आणि मोसंबीची फळगळ घेऊन. गेली काही वर्षे मात्र बाजाराच्या दिवशी एक तरी माणूस खिशातून मोबाइल काढून पुढे करतो, ‘‘साहेब, हे खरं का खोटं तेवढं बघा.’’ जे असे विचारायला येतात ते बहुधा वाचतात. जे विचारत नाहीत त्यांची हकिकत आम्हाला उशिरा कळते, आणि तीही त्यांच्या तोंडून कळत नाही.

हंगाम पाहून येणारा चोर

कीड कोणत्या महिन्यात येणार हे जसे आपल्याला ठाऊक असते, तसे या भामट्यांचेही ठरलेले असते. पीएम किसान योजनेत २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, शेतकऱ्याच्या बँक खात्यावर जमा होतात. आपल्या राज्याने २०२३ साली नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. हप्ता जमा व्हायची वेळ जवळ आली, की ‘तुमचा हप्ता अडकला आहे’ असे संदेश सुरू होतात. मृगाच्या तोंडावर बिनतारण कर्जाचे संदेश येतात. विहिरीचे पाणी खाली जाऊ लागले की सौर पंपाचे येतात. कापूस विकून खात्यावर पैसा आला की बँकेच्या नावाने फोन येतात. आपण ज्याची वाट पाहत असतो तेच नेमके दारात आलेले दिसते, म्हणून माणूस फसतो. त्याला अडाणी म्हणून हसण्यात अर्थ नाही. आमच्याकडे फसलेल्यांत एक पदवीधर आहे आणि एक निवृत्त शिक्षकही आहेत.

आणखी एक. ‘‘त्याला माझं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं, हप्ता मिळतो हेसुद्धा माहीत होतं. मग खोटा कसा म्हणायचा?’’ असे पुष्कळ जण विचारतात. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची गाववार यादी योजनेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती पारदर्शकतेसाठी ठेवलेली आहे आणि ते योग्यच आहे. पण तीच यादी भामटाही वाचतो. तेव्हा नाव-गाव अचूक सांगितले, एवढ्यावरून समोरचा माणूस सरकारी ठरत नाही.

ग्रुपवर आलेली फाइल

आता एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला विश्वासाने सांगितले आहे.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री आठच्या सुमारास एक फाइल आली. नाव ‘पीएम किसान यादी’. पाठवणारा गावातलाच, डेअरीवर दूध घालणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा तरुण. खाली मजकूर होता, की ज्यांची ई-केवायसी राहिली आहे त्यांनी आज रात्रीच करावी, नाहीतर हप्ता बंद होईल. जेवणे उरकून माणसे मोबाइल पाहत होती. सहा-सात जणांनी फाइल दाबली. मोबाइलने मध्येच विचारले, की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आले आहे, घ्यायचे का? बहुतेकांनी न वाचताच ‘हो’ केले. पुढे त्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. तीही दिली. पडद्यावर सरकारी वाटावे असे पान उघडले, त्यात आधार क्रमांक भरला, बँकेचा तपशील भरला, आणि ‘२४ तासांत काम होईल’ असे वाचून मंडळी झोपली.

सकाळी दोघांच्या खात्यातून पैसे गेलेले होते. एकाचे पीककर्जाचे नुकतेच जमा झालेले ३८,००० रुपये गेले. आणि उरलेल्यांच्या मोबाइलवरून तीच फाइल त्यांच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना आपोआप गेली होती.

दुधवाल्या पोरावर सारे गाव उठले. त्या बिचाऱ्याने काहीच पाठवले नव्हते. त्याला ती फाइल आदल्या दिवशी मावसभावाच्या नंबरवरून आली होती, त्याने उघडली होती, आणि तेव्हापासून त्याचा मोबाइल भामट्याच्या ताब्यात होता.

हे कसे घडते ते नीट समजून घ्या, कारण सध्या आपल्या भागात सर्वांत जास्त धोका याचाच आहे. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. फोटो नाही, कागद नाही, ते एक पूर्ण ॲप असते. ते आत शिरले आणि त्याला एसएमएस वाचू दिले, की बँकेने पाठवलेला ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा तो आकडा, आपल्याआधी भामट्याला दिसतो. आपण ओटीपी कोणाला सांगितला नाही, अशी आपण शपथ घेतो आणि ती खरीही असते. सांगायची गरजच राहिलेली नसते.

याच फाइली निरनिराळी सोंगे घेऊन येतात. कधी लग्नपत्रिका, कधी गाडीच्या दंडाची पावती, कधी बँकेची केवायसी. लग्नसराईत पत्रिकेचे सोंग फार चालते. पाहुण्याची पत्रिका कोण उघडून पाहत नाही?

तेव्हा घरात एवढे ठरवून टाका. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडायची नाही. आधी त्याला फोन करून विचारायचे, ‘‘हे तूच पाठवलंस का?’’ सरकार कोणतेही ॲप व्हॉट्सॲपवरून वाटत नाही.

ई-केवायसी करणे मात्र खरोखरच आवश्यक आहे, आणि भामट्याचे फावते ते यामुळेच. ती करण्याचे मार्ग तीन. योजनेच्या संकेतस्थळावर आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून, योजनेच्या अधिकृत ॲपमध्ये चेहरा दाखवून, किंवा सुविधा केंद्रात जाऊन अंगठा देऊन. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच पाहिजे. ‘पीएम किसान’ हे शब्द पत्त्यात कुठेही घालता येतात, ते पाहून भुलू नका. शेवट पाहा. शंका असेल तर पीएम किसानच्या १५५२६१ या क्रमांकावर विचारा, नाहीतर सरळ गावच्या कृषी सहायकाला विचारा. त्यासाठीच तो नेमलेला आहे.

फाइल चुकून उघडली गेलीच, तर पहिल्यांदा मोबाइलचा डेटा आणि वायफाय बंद करा. मग दुसऱ्याच्या मोबाइलवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवा. ज्या मोबाइलमध्ये ते ॲप शिरले आहे, त्याच्यावरून पिन बदलण्याच्या भानगडीत पडू नका, नवा पिनही त्याला दिसण्याचा संभव असतो. जाणकाराकडून मोबाइल पूर्ण कोरा करून घ्यावा आणि त्यानंतरच तो बँकेच्या कामाला वापरावा.

संदेशालाही लेबल असते

बियाण्याच्या पिशवीसारखे लेबल आता एसएमएसलाही आले आहे, आणि ते आमच्या गावोगावच्या बैठकांत सांगितले की लोकांना नवल वाटते. २०२५ पासून संस्थांकडून येणाऱ्या एसएमएसच्या वर, जिथे पाठवणाऱ्याचे नाव असते, तिथे शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असते. सरकारी संदेशाला ‘जी’, बँकेच्या व्यवहाराच्या नि ओटीपीच्या संदेशाला ‘टी’, सेवेच्या माहितीला ‘एस’ आणि जाहिरातीला ‘पी’. हप्त्याचा संदेश जर साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला असेल, तर त्याला लेबलच नाही, मग आतला माल कशाला तपासायचा?

फोनचेही तसेच काहीसे झाले आहे. बँकांनी ग्राहकाला व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जानेवारीत सांगितले. साध्या मोबाइलवरून कोणी ‘‘मॅनेजर बोलतोय’’ म्हणाला, तर ‘‘मी उद्या शाखेत येतो’’ एवढे म्हणून फोन ठेवावा. खरा मॅनेजर त्याने रागावणार नाही.

सौर पंपाचे आमिष

दिवसा वीज मिळत नाही, रात्री पाण्याला जावे तर सापाविंचवाचे भय. अशा माणसाला सौर पंप म्हणजे केवढा आधार, हे मी वेगळे सांगायला नको. आणि योजना खरी आहे. महावितरणच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. बाकीचे अनुदान. केंद्राची पीएम कुसुम योजनाही २०१९ पासून आहे.

खऱ्या योजनेच्या पोटातच खोटी वाढते. कुसुमच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली आहेत आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याबद्दल शेतकऱ्यांना वेळोवेळी इशारे दिले आहेत. अशा खोट्या ठिकाणी अर्ज भरला की दोन दिवसांत फोन येतो, मंजुरीचे पत्र येते. पत्रावर तीन सिंहांची मुद्रा, गोल शिक्का, सही, सगळे यथासांग. मग आधी नोंदणीचे साडेपाच हजार, ते भरले की विम्याचे, ते भरले की वाहतुकीचे. एकदम लाखभर मागितले तर माणूस दहा जणांना विचारील. थोडे थोडे मागितले, की आधी भरलेले वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढचे भरत राहतो. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने असे पाच वेळा भरले. शेवटचे भरण्यासाठी त्याने वगारू विकले.

अर्ज कुठे भरला ते लक्षात ठेवा आणि हिस्सा तिथेच भरा. पैसे भरण्याची सूचना आली की ती घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन दाखवा. जाण्यायेण्याचे शंभर-दीडशे रुपये आणि एक दिवस मोडेल, तो मोडू द्या. एखाद्या माणसाच्या नावच्या खात्यावर किंवा मोबाइल नंबरावर सरकारी योजनेचा हिस्सा कधीही भरला जात नाही.

जाता जाता खताचेही सांगून ठेवतो. फेसबुकवर निम्म्या किमतीत युरिया नि डीएपी घरपोच, अशी जाहिरात दिसली तर ती खोटी समजा. अनुदानाचे खत परवानाधारक विक्रेत्याकडे पॉस यंत्रावर आधार क्रमांकाने पडताळणी करूनच विकायचे असते. ते घरपोच निम्म्या भावात यायला मार्गच नाही.

म्हशीचे गिऱ्हाईक

एका घरी म्हैस विकायची होती. मुलाने फोटो काढून मोबाइलवरच्या जाहिरातीत टाकला. तासाभरात गिऱ्हाईक आले. हिंदीत बोलणारे, सैन्यात नोकरीला आहे म्हणणारे. ओळखपत्राचा फोटो पाठवला. घासाघीस नाही, ७२,००० रुपये कबूल. ‘‘मला रजा नाही, ट्रक पाठवतो, पैसे आत्ता घ्या,’’ म्हणाला. खात्री पटावी म्हणून आधी दहा रुपये पाठवले, ते खरेच आले. मग एक क्यूआर कोड पाठवून म्हणाला, ‘‘हे स्कॅन करा, पिन टाका, बाकीचे जमा होतील.’’

मुलगा स्कॅन करायला निघाला. चुलीपाशी त्याची आजी बसली होती. ती म्हणाली, ‘‘का रं, बाजारात म्हशीचे पैसे घेताना आपण कनवटीची गाठ कधी सोडतो का? सोडतो ते द्यायच्या येळी.’’

माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या म्हातारीचे एक वाक्य बरे. पिन म्हणजे कनवटीची गाठ. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानेच पिन टाकायचा असतो. घेणाऱ्याला पिन टाकावा लागत नाही, स्कॅन करावे लागत नाही, काहीच करावे लागत नाही. पूर्वी यूपीआयवर कोणीही कोणाला पैशाची मागणी पाठवू शकत असे, आणि ती मंजूर करताना माणसे फसत. व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोडची फसवणूक मात्र चालूच आहे.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘‘चुकून तुमच्या खात्यावर पैसे आले, परत पाठवा’’ असा फोन. त्याबरोबर पैसे जमा झाल्याचा खोटा एसएमएसही येतो. एसएमएसवर विसंबू नका, खात्यावरची शिल्लक पाहा. पैसे खरोखर आले असतील तरी परस्पर परत करू नका, बँकेला सांगा, तिच्यामार्फत जाऊ द्या.

मावशींचा अंगठा

आतापर्यंत सांगितले ते मोबाइल वापरणाऱ्यांचे. ज्यांच्याकडे मोबाइलच नाही अशा म्हाताऱ्या माणसांचेही पैसे जातात, ते अंगठ्यावरून. निराधार योजनेचे किंवा श्रावणबाळचे पैसे काढायला मावशी गावातल्या यंत्रावर जाते. अंगठा ठेवते. ‘‘उठला नाही, परत ठेव,’’ असे तिला सांगतात. ती परत ठेवते. कष्टाच्या हाताचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा अंगठा उठत नाही हे पुष्कळदा खरेच असते. पण कधी पहिलाच उठलेला असतो आणि पैसे दोनदा निघतात, हातात एकदाचेच पडतात.

गावोगावचे बहुतेक बँक मित्र प्रामाणिक आहेत आणि त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांची तालुक्याची खेप वाचवली आहे, हे मी आवर्जून सांगतो. त्यांच्यावर संशय घ्या असे माझे म्हणणे नाही. दर अंगठ्याला पावती मागा. व्यवहार फसला असेल तर फसल्याचीही पावती निघते, तीही मागा. महिन्याला एकदा नातवाने आजीचे पासबुक भरून आणावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे.

आधारचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर आहे. ठसे बंद केले की कोणाला आपल्या अंगठ्यावर पैसे काढता येत नाहीत. पण मग रेशन दुकानातही अंगठा चालत नाही आणि केवायसीचाही चालत नाही, त्या वेळी कुलूप तात्पुरते उघडावे लागते. ज्या घरी हे करणारे कोणी जाणते आहे आणि आधारला मोबाइल जोडलेला आहे, त्यांनीच ते करावे. नाहीतर रेशनच्या रांगेतून परत यायची पाळी येते.

बाकीचे थोडक्यात

लॉटरी लागली, मनोरा बसवायला जागा भाड्याने पाहिजे, आज रात्री वीज तोडणार, हे सारे जुनेच. ॲपवरून पाच मिनिटांत कर्ज देणारे लोक आधी तुमच्या मोबाइलमधले फोटो नि नंबर काढून घेतात आणि मग पाहुण्यांत बदनामीची भीती घालतात. कर्ज घ्यायचे तर सोसायटीतून, बँकेतून, किसान क्रेडिट कार्डावर घ्या.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार मात्र भित्र्या माणसाला फार लवकर गाठतो. व्हिडिओवर पोलिसांच्या वेषातला माणूस दिसतो, तुमच्या नावाचे पार्सल सापडले म्हणतो, आणि मोबाइलसमोरून उठायचे नाही असे दरडावतो. मोबाइलवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितले होते. असा फोन आला तर तो सरळ बंद करावा. काही होत नाही.

पैसे गेल्यावर घरात काय होते

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

वर ज्याच्या पीककर्जाचे पैसे गेले असे सांगितले, त्याने ते नऊ दिवस कोणाला सांगितले नाही. बायकोला नाही, भावाला नाही. शेतात जायचा, यायचा, जेवण कमी झाले. नवव्या दिवशी बायको खताला पैसे काढायला बँकेत गेली तेव्हा तिला खाते रिकामे दिसले. आम्ही तक्रार करायला लावली, पण तोवर ते पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत कुठल्या कुठे काढले गेले होते. मी त्याला विचारले, ‘‘अरे, निदान भावाला तरी सांगायचंस.’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, मागच्या साली भावाचे पाच हजार गेले तेव्हा मीच त्याला चार माणसांत येडा म्हणलो होतो. आता कोणत्या तोंडानं सांगू?’’

त्याच रात्री ज्याचे पैसे गेले असा दुसरा एक होता. त्याची सून बारावी शिकलेली. पहाटे दूध काढायला उठली तेव्हा तिला मोबाइलवर पैसे गेल्याचे संदेश दिसले. सासऱ्याला एक शब्द न बोलता तिने आपल्या मोबाइलवरून १९३० ला फोन लावला. त्यांच्या १९,००० पैकी ११,००० रुपये पुढच्या खात्यात गोठवले गेले.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. रात्री-अपरात्री, सणासुदीला, बँक बंद असताना, केव्हाही लागतो. एका वेळी नाही लागला तर पुन्हा लावा. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसा गेला असेल तिला लगेच कळवले जाते, आणि पैसा अजून तिथेच असेल तर तो अडवला जातो. सारा खेळ पहिल्या तास-दोन तासांचा असतो. पुराच्या पाण्याला बांध घालायचा तर पाणी शेतात असतानाच घालावा लागतो.

म्हणून माझे घरातल्या कर्त्या माणसांना सांगणे आहे. घरात कोणाचे असे पैसे गेले, तर त्या दिवशी त्याला बोलू नका. पोराला नाही, सुनेला नाही, म्हाताऱ्याला तर मुळीच नाही. बोलायचेच असेल तर तक्रार नोंदून झाल्यावर बोला. आज एकाला येडा म्हटले, की उद्या घरातला दुसरा माणूस तोंड उघडत नाही. आणि ज्या घरात आधीच कर्जाचा घोर आहे, तिथे असा गप्प झालेला माणूस एकटा सोडू नये. त्याच्याबरोबर शेतात जावे, त्याच्याजवळ बसावे. आपल्या मराठवाड्यात याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

तक्रारीची रीत

फोन लावण्यापूर्वी जवळ ठेवायच्या गोष्टी: पासबुक, पैसे गेल्याचा एसएमएस, गेलेली रक्कम आणि वेळ, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा व्यवहार असेल तर हा क्रमांक बारा आकडी असतो. भामट्याचा नंबर, त्याने पाठवलेले फोटो नि संदेश रागाने पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. तक्रार नोंदली की पोचक्रमांक मिळतो, तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरही तक्रार करता येते. तिथेही पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच पाहायचा. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. पोचक्रमांक दाखवून पुढचे काम तिथेच होते. अडकलेले पैसे सोडवून घ्यायलाही त्यांच्याच कागदांची गरज लागते, तेव्हा दोन-चार खेपा कराव्या लागतील, कंटाळू नका.

बँकेला फोनवर सांगून भागत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि वेळ घालून घ्या. ही वेळ महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ सालच्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, की ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर पुढे जे जातील त्याची जबाबदारी बँकेवर राहते. आणि ग्राहकाची काही चूक नसताना, बँकेची नाही अशा तिसऱ्याच ठिकाणच्या दोषामुळे पैसे गेले असतील, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला तोशीस लागत नाही. एका शाखेत आमच्या शेतकऱ्याला ‘‘शिक्का कशाला पाहिजे, सांगितलंत ना, झालं’’ असे म्हणून परत पाठवले होते. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो तेव्हा शिक्का मिळाला. तुम्हाला कोणी असे म्हणाले तर तिथेच बसून राहा, शाखाधिकाऱ्याला भेटा, पण शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.